जुनेराचा आहेर

संक्रांत जवळ आली की अमरावतीत जवाहर गेटच्या आत आणि अकोल्यात टिळक रोडला वाणाच्या वस्तूंचे ढीग लागतात. प्लास्टिकच्या चाळण्या, साबणाच्या डब्या, स्टीलच्या इवल्याशा वाट्या, आरसा-कंगव्याच्या जोड्या. सगळं डझनाच्या भावात. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांची फेरी आटोपते तेव्हा ज्या घरातून चार डझन वस्तू गेल्या, त्या घरात तीन डझन परत आलेल्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या कुणाच्या हाती पडतात. यात कुणाचं नुकसान होत नाही, दुकानदार तर खूशच असतो. पण आठवडाभरानं ती चाळणी कुणी दिली हे घेणारीला सांगता येत नाही, आणि कुणाला काय दिलं हे देणारीलाही.

हे पुस्तक त्या चाळण्यांना पर्याय म्हणून सुरू झालं. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या ओळखीच्या बायका, आणि काही हरहुन्नरी पुरुषसुद्धा, घरातल्या जुन्या सामानातून काय काय करतात ते आम्ही विचारत गेलो, लिहून घेत गेलो. वह्या भराभर भरल्या. मग निवडायला बसलो आणि निम्म्याहून जास्त वस्तू गाळल्या. पाण्याच्या बाटलीचा मोर गाळला, जुन्या सीडीचं घड्याळ गाळलं, आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला आणि पिस्त्याच्या टरफलांची फुलंही गाळली. काही जणी नाराज झाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं, कारण त्यांचे हात खरोखर चांगले होते. पण हा मोर दोन महिने शोकेसमध्ये राहतो, मग माळ्यावर जातो, मग घंटागाडीत. मधल्या काळात त्याला लागलेला फेव्हिकॉल, रंग आणि चमकी विकत आणलेली असते. नुसती बाटली भंगारवाल्यानं नेली असती. रंगवलेली, चमकी लावलेली बाटली तोही घेत नाही.

गाळलेला मोर आणि पुस्तकात घेतलेलं बाळाचं दुपटं यांत फरक कुठे पडतो, याचा विचार करताना मला वाटतं की तो पहिल्या प्रश्नात पडतो. बाटली हातात धरून ‘हिचं काय करता येईल?’ असं विचारलं की मोर होतो. समोर माणूस ठेवून ‘हिला काय लागणार आहे?’ असं विचारलं की दुपटं होतं. म्हणून या पुस्तकातली प्रकरणं कापड, कागद, काच, डबे अशी सामानावरून पाडलेली नाहीत. ती माणसांवरून पाडली आहेत: बाळंतीण, शाळेत जाणारं पोर, अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस, नव्या घरात राहायला गेलेली शेजारीण, परगावी शिकायला निघालेला मुलगा.

बाळंतिणीचं प्रकरण पहिलं आहे आणि सगळ्यांत मोठंही. पहिलटकरणीला माहेरी आणलं की घरातल्या बायका बाळंतविड्याच्या मागे लागत. कुंची, टोपरं, झबली, लंगोट, दुपटी आणि बाळाचं डोकं गोल बसावं म्हणून मोहरीची बोटभर जाडीची उशी. यातलं बहुतेक सगळं जुन्या सुती पातळातून निघायचं, आणि तेही पैसे वाचवायला म्हणून नव्हे. दर्यापूरकडच्या एका आजींनी आम्हाला सुनावलं, “फेकतं काहून वं? धुऊन-धुऊन आता कुठं नरम झालं थे!” नव्या कापडाची खळ, त्याचा कडकपणा आणि कच्चा रंग बाळाच्या कातडीला सोसत नाही. दहा-बारा वर्षं नेसलेलं पातळ तेवढ्या काळात सगळा रंग सोडून मोकळं झालेलं असतं.

दुपट्याची पद्धत पुस्तकात सविस्तर आहे, पण तिच्यातली अक्कल इथेच सांगते. जुनं पातळ सगळीकडे सारखं विरत नाही. बसण्या-उठण्यात मधला भाग जातो, काठाकडचा दमदार राहतो. म्हणून कात्री घेण्याआधी पातळ उजेडापुढे धरून पाहायचं. पलीकडचं बोट दिसलं तो भाग आत घालायचा, धड भाग वर आणि खाली. चार पदर एकावर एक पसरले की चारही कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, जे जड मिळेल ते ठेवायचं. पहिला धावदोरा कडेकडेनं घालायचा, त्याच्या आत दोन बोटांवर दुसरा, असं फिरत फिरत मधोमध यायचं. टाका ओढून घातला तर दुपटं आक्रसतं आणि पहिल्याच धुण्यात आत गोळे होतात. म्हणून हातभर शिवलं की थांबून दोन्हीकडून ताणून सुरकुती काढून टाकायची. गाठ मारायची ती दोन पदरांच्या मधे लपवून. बाळाच्या पाठीला ती गाठ टोचली तर रडणाऱ्या बाळाला ते सांगता येत नाही. कापून बाजूला काढलेले काठ वाया जात नाहीत, त्यांचे कुंचीचे बंद होतात.

वऱ्हाड कापसाचा मुलूख. मग इथे जुन्या चिंधीला एवढी किंमत का, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. उत्तर कापसाच्याच इतिहासात आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाचे भाव कडाडले. १८६७ पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली आणि इथल्या गाठी थेट मुंबईच्या बंदराला लागल्या. कापूस इथला, कापड मात्र बाहेरून येणार. सरकी काढणारी जिनिंग-प्रेसिंग गावोगाव झाली, पुढे अकोल्यासारख्या ठिकाणी कापडगिरण्याही निघाल्या, पण वेचणी करणाऱ्या बाईच्या अंगावरचं लुगडं तिला विकतच घ्यावं लागे. वेचलेल्या कापसाशी तिचं नातं मणाच्या मजुरीपुरतं. असं विकत घेतलेलं लुगडं फाटलं म्हणून फेकून कोण देईल?

ज्या अमेरिकेतला कापूस अडला म्हणून वऱ्हाडाला भाव आला, तिथेही शेवटी हेच घडलेलं दिसतं. अलाबामा राज्यात नदीच्या वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. मळ्यांवर गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथे राहतात. कापूस पिकवणाऱ्या या लोकांच्या बायकांनी शेतात घालून घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. त्यांतल्या मिसूरी पेटवे यांनी नवरा वारल्यावर १९४२ साली त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, ती पांघरून त्याची आठवण जवळ राहावी म्हणून. २००२ साली या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं, तिथून ते न्यूयॉर्कला गेलं, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची वाकळ जपून ठेवणारी घरं आजही आहेत. कुणी तिला भिंतीवर टांगत नाही, आणि ते मला पटतं. वाकळ पांघरायची असते.

या मुलखात चिंधीचं नाव काढलं की गाडगेबाबा आठवतातच. देबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचं मूळ नाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्म, लहानपण मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे. म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा माणूस. घर परिटाचं, तेव्हा कापड कुठवर टिकतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. १९०५ साली घर सोडलं ते अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि जेवायला मडक्याचं खापर घेऊन. त्यांनी ते वैराग्य म्हणून धारण केलं, हस्तकला म्हणून नव्हे; त्यांना ओढूनताणून पर्यावरणाचे प्रचारक करण्याची अलीकडची हौस मला रुचत नाही. पण एक मात्र खरं की त्या खापरात ते जेवत, पाणी पीत आणि चालताना तेच डोक्यावर पालथं घालत. फुटलेलं मडकं एवढ्या कामी आलेलं दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही.

शाळेबद्दल थोडं कडू लिहावं लागणार. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. अमरावतीहून वर्धा लांब नाही. हातानं काहीतरी उपयोगाचं करता करता शिकायचं, हा तिचा गाभा होता: सूत काततानाच गणित, शेतातच विज्ञान. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानं शाळेत कार्यानुभव असावा अशी शिफारस केली. कल्पना तीच. आणि मग ती आपल्या वर्गांत आली तेव्हा तिचं काय झालं? शनिवारी बाईंनी ‘टाकाऊतून टिकाऊ’ आणायला सांगितलं, की शुक्रवारी रात्री आई स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलचा कोरा तक्ता, मखमली कागद आणि टिकल्या आणते, रात्री अकरापर्यंत ताजमहाल करते, आणि पोराला दहापैकी नऊ मिळतात. टाकाऊ असं त्यात काहीच नसतं. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पण सवय बंदीपेक्षा चिवट असते.

उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. आयआयटीत शिकलेले अभियंता अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर भूमितीचे आकार, घरं, सांगाडे उभे केले. पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी करून दाखवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांचं एक वैशिष्ट्य असं की ती फिरतात, वाजतात, उडतात. मूल ती मोडेपर्यंत खेळतं आणि मोडली की पुन्हा करतं. शाळकरी पोरांच्या प्रकरणात आम्ही तीच कसोटी लावली: जी वस्तू फक्त बघायची आहे ती नको.

याच प्रकरणात ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी आहे. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदीबैल सजवून ओढत नेतात तेव्हा त्याच्या मागे ही गाडी जोडायची. हिला एक पैसाही लागत नाही. धांड्याची साल नखानं सोलायची, ती सुरीसारखी कापते म्हणून जपून. आतलं पांढरं, हलकं भेंड तुकड्या-तुकड्यांनी कापायचं. सालीच्या टोकदार काड्या खिळ्यांसारख्या भेंडात टोचत गेलं की साटा, जू, धुऱ्या सगळं उभं राहतं. लांब साल वाकवली की चाकाची धाव होते. डिंक नाही, दोरा नाही. अडचण वेगळीच आहे. गेल्या तीसेक वर्षांत वऱ्हाडातलं शिवार सोयाबीननं व्यापलं, ज्वारी मागे हटली, आणि आता धांडा शोधायला गावात फिरावं लागतं. भुलाबाईसाठी पाच धांड्यांचं मखर करतात, तेही पुष्कळ घरी विकतचं येऊ लागलं आहे. कला विसरली जाते ती आळसानं, असं म्हणायची आपल्याला सवय आहे; इथे तर पीकच बदललं.

हाच बदल कपाटातही झाला. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते, कारण अशा पुस्तकांत ते सहसा टाळलं जातं. आजीचं जुनेर सुती होतं, तुमचं-आमचं तसं नाही. जॉर्जेट, शिफॉन, पॉलिएस्टर यांची वाकळ शिवून पाहा: पदर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाही, आणि अकोल्याच्या मे महिन्यात ती पांघरणं म्हणजे शिक्षा. पूर्वी सुती जुनेर उरलं की दारावर बोहारीण यायची, दोन पातळं घेऊन एक स्टीलचं पातेलं द्यायची, आणि घासाघीस करताना ‘जर किती आहे’ ते बघायची. आता पॉलिएस्टरकडे तीही नाक मुरडते. म्हणून अशा साड्यांसाठी वेगळं शोधावं लागलं. तीन लांब पट्ट्या फाडून त्यांची घट्ट वेणी घालायची, वेणी गोल गुंडाळत दाभणानं टाचत जायचं, म्हणजे पायपुसणं होतं. पॉलिएस्टर लवकर वाळतं आणि कुजत नाही. जे अंगावर नको ते मोरीच्या दाराशी हवंच असतं. जाड काठाच्या बाजारपिशव्या, खिडकीचे पडदे, कुरड्या-सरगुंडे वाळवताना वरून घालायचं आच्छादन, हेही यातूनच निघतं. जीन्सच्या पायाची पिशवी तर दहा किलो ज्वारी सहज पेलते.

म्हाताऱ्या माणसांच्या प्रकरणातली माझ्या आवडीची वस्तू म्हणजे लग्नपत्रिकांचा पंखा. उन्हाळ्यात लाइट गेली की आपण सगळेच हाताला लागेल ती पत्रिका घेऊन वारा घालतो. दोन जाड पत्रिकांमध्ये बांबूची कामटी घालून मैद्याच्या खळीनं चिकटवलं आणि कडेला जुन्या पातळाचा काठ शिवला की तीच पत्रिका तीन उन्हाळे चालते. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या हाताला पेलेल इतकी हलकी असते. एवढंच.

शेजारणीसाठी कागदाची टोपली आहे, आणि ती पूर्वी आपल्याकडे घरोघर होत असे. रद्दीचे तुकडे करून तीन-चार दिवस भिजवायचे, पाणी पिळून खलबत्त्यात किंवा पाट्यावर लगदा कुटायचा. मेथी रात्रभर भिजवून वाटली की बुळबुळीत चिकट होते. ती लगद्यात मळायची. मेथीनं चिकटपणा येतो आणि कडवटपणामुळे कसर, झुरळं लांब राहतात. पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं, फडक्यावर लगदा थापायचा. थापताना बुडाला जाड, काठाला पातळ असं होतं ते हातानं सारखं करायचं, नाहीतर वाळताना बूड तडकतं. मेमधल्या आपल्या उन्हात दोन-तीन दिवसांत टोपली सुटून येते. वरून गेरू. पापड, सांडगे, लसूण, सुक्या मिरच्या ठेवायला ही प्लास्टिकच्या डब्यापेक्षा चांगली, कारण आत घाम धरत नाही. पावसाळ्यात मात्र तिला चुलीजवळच्या कोरड्या फळीवर हलवायचं.

काही गोष्टी या पुस्तकात मुद्दाम नाहीत. सलाइनच्या नळीचे मासे आणि इंजेक्शनच्या बाटल्यांची तोरणं दवाखान्यांच्या गावी हौसेनं होत. दवाखान्यातला कचरा घरात आणू नये, म्हणून ती वगळली. फुटक्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या ज्योतीवर वाकवून साखळी करायची कला सुंदर आहे, पण ती मुलांच्या प्रकरणात नाही, फक्त मोठ्यांच्या प्रकरणांत आहे आणि चिमट्याशिवाय करू नका असं तिथे दोनदा लिहिलं आहे. आणि फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या, झाकणं कशालाही वापरू नका. कुंडीलाही नको, खेळण्यालाही नको, धुऊनही नको. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या बाटलीला भोक पाडून तिची पिचकारी करणारी पोरं मी पाहिली आहेत. रिकामी बाटली ठेचून निकामी करायची आणि घरापासून, विहिरीपासून लांब पुरायची. तिच्यावरच्या चिठ्ठीवरही असंच काहीसं छापलेलं असतं, ते वाचायचं.

बाळाच्या कापडाबाबत एकच नियम: जुनं सुती कापड आधी उकळत्या पाण्यातून काढायचं, कडक उन्हात वाळवायचं, आणि मगच कात्री लावायची. बाकीची मापं आम्ही वीत आणि हातात दिली आहेत, कारण शिवणाऱ्या बाईजवळ टेप असतोच असं नाही. सेंटिमीटर हवे त्यांनी आपली वीत एकदा मोजून घ्यावी.

विकत लागणारं सामान प्रत्येक वस्तूखाली वेगळं लिहिलं आहे. बहुतेक ठिकाणी ते सुई, दोरा आणि खळीपुरता मैदा एवढंच आहे. जिथे त्याहून जास्त लागलं तिथे ती वस्तू ठेवावी की नाही यावर आमच्यात वाद झाले, आणि दोन-तीन वस्तू वादात हरूनही राहिल्या आहेत. त्या तुमच्या लक्षात येतीलच.

देताना आणखी एक करा. जुन्यातून केलेली वस्तू देताना आपल्याकडे बायका संकोचतात, ‘घरचंच आहे’ असं पुटपुटतात आणि वर दुकानातलं काहीतरी ठेवतात. ते वरचं काढून टाका. पातळ कुणाचं होतं, ते सांगा.

शिंक्याची वीण या आवृत्तीत देता आली नाही. चिंध्यांच्या पिळलेल्या दोरीचं, तळाशी चुंबळ असलेलं, मांजराच्या उडीबाहेर टांगायचं शिंकं विणता येणारी माणसं अजून आपल्या गावांत आहेत. तुमच्या घरी, गल्लीत कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसून एक शिंकं पहिल्या गाठीपासून शेवटच्यापर्यंत विणून घ्या, आणि प्रत्येक गाठ लिहून आम्हाला कळवा. पुढच्या आवृत्तीत त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.